रेल्वे येण्यापूर्वीचा ब्रिटन थांबलेला नव्हता

एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनविषयीचा एक मजकूर मराठी वाचकांमध्ये बराच फिरतो, आणि तो इतक्या विश्वासाने पुढे पाठवला जातो की त्यातली विधाने आता भाषणांत आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांतही सहज येऊ लागली आहेत. त्याचा सारांश असा. ज्युलियस सीझरच्या काळी माणूस ज्या वेगाने प्रवास करत होता त्याच वेगाने तो १८३० पर्यंत करत राहिला. सामान्य माणूस ज्या गावात जन्मला त्याच गावात मेला. ताशी तीस मैलांच्या वेगाने प्रवासी गुदमरून मरतील, असे त्या काळच्या डॉक्टरांनी बजावले होते. मग १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे सुरू झाली आणि काही महिन्यांत घोडागाड्या संपल्या, गरिबांना प्रवास परवडू लागला, देशभरची घड्याळे एक झाली. रस्त्यावरचे दिवे, स्वस्त टपाल, समुद्रकिनाऱ्यावरची सुट्टी आणि ताटातले ताजे अन्न हे सगळे त्या रेल्वेनेच दिले.

रेल्वेने ब्रिटन बदलला यात शंका नाही, आणि ते नाकारण्यासाठी हे लिहिलेले नाही. आक्षेप वेगळा आहे. हा मजकूर रेल्वेआधीच्या पन्नास वर्षांतली रस्त्यांची, कालव्यांची, टपालाची आणि आगबोटींची सगळी मेहनत पुसून टाकतो, आणि रेल्वेनंतरच्या वीस वर्षांत जे सावकाश, भांडणे होऊन, कायदे करून घडवावे लागले ते एका दिवसाच्या नावावर जमा करतो. त्यामुळे बदल कसा घडतो हेच वाचकाला कळेनासे होते. म्हणून एकेक विधान तपासणे आवश्यक आहे.

सीझरच्या वेगाविषयीचे विधान सगळ्यात जास्त उद्धृत होते, आणि त्यात एक अर्धसत्य दडलेले आहे. घोड्याचे पाय दोन हजार वर्षांत बदलले नव्हते, हे खरे. बदलला तो त्याच्या पायाखालचा रस्ता, त्याच्या मागची गाडी, आणि दर आठ-दहा मैलांवर ताजे घोडे तयार ठेवणारी व्यवस्था. रोमन साम्राज्याचा सरकारी निरोप सर्वसाधारणपणे दिवसाला पन्नास मैलांच्या आसपास जात असे, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. १८३० च्या दशकातली इंग्लिश टपालगाडी थांबे धरूनही ताशी नऊ ते दहा मैल जात होती आणि रात्रंदिवस चालत होती, म्हणजे चोवीस तासांत ती दोनशे मैलांहून अधिक अंतर कापत होती. दोन्ही ठिकाणी घोडाच आहे, पण वेगात चौपट फरक आहे.

हा फरक एका ब्रिटिश माणसाच्या आयुष्यात मावतो. १७५४ मध्ये मँचेस्टरहून लंडनला जाणाऱ्या ‘फ्लाइंग कोच’ची जाहिरात करताना चालकांनी लिहिले होते की, कितीही अविश्वसनीय वाटले तरी अपघात न झाल्यास ही गाडी साडेचार दिवसांत लंडनला पोहोचेल. त्या काळी तो अभिमानाचा विषय होता. १८३० च्या दशकात तोच प्रवास वीस तासांच्या आत होऊ लागला. लंडन ते एडिंबरो या सुमारे चारशे मैलांना १७५० च्या दशकात उन्हाळ्यात दहा आणि हिवाळ्यात बारा दिवस लागत. टपालगाडीने ते अंतर पंचेचाळीस तासांच्या आत आणले. दोन्ही शहरांना जोडणारी सलग रेल्वे तेव्हा अस्तित्वातच नव्हती. ती १८४८ मध्ये झाली.

हे घडले कसे, तर टोलमधून. ब्रिटनमध्ये स्थानिक रस्त्यांची जबाबदारी परंपरेने पॅरिशवर, म्हणजे त्या त्या चर्चच्या हद्दीतल्या रहिवाशांवर होती, आणि गावकऱ्यांना वर्षातले काही दिवस रस्त्यावर फुकट राबावे लागे. स्वतःच्या गावाबाहेरच्या वाहतुकीसाठी मनापासून राबायला कोणाला आवडेल? त्यामुळे मोठे रस्ते हिवाळ्यात चिखलात बुडत. पार्लमेंटने एकेका रस्त्यासाठी वेगळा कायदा करून ‘टर्नपाइक ट्रस्ट’ स्थापन करायला सुरुवात केली. या विश्वस्तांनी टोलनाके उभारायचे, जो रस्ता वापरेल त्याच्याकडून पैसे घ्यायचे, आणि ते रस्त्यावर खर्च करायचे. १८३० च्या दशकापर्यंत इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा ट्रस्टांची संख्या हजाराच्या आसपास आणि त्यांच्या रस्त्यांची लांबी वीस हजार मैलांहून अधिक झाली होती. एकूण रस्त्यांचा हा साधारण पाचवा हिस्सा होता. टोलबद्दल लोकांनी तक्रारी केल्या, क्वचित नाकेही जाळले, पण गाड्या धावल्या त्या याच रस्त्यांवरून.

या पैशाला तंत्राची जोड मिळाली ती विशेषतः १८१० नंतर. जॉन लाउडन मॅकॅडम १८१६ मध्ये ब्रिस्टल टर्नपाइक ट्रस्टचे सर्वेक्षक झाले. त्यांचे म्हणणे साधे होते: रस्त्याच्या पोटात मोठमोठे दगड भरण्याची गरज नाही, खालची माती कोरडी राहिली तर तीच भार पेलते. म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच घ्यावा, पाणी कडेला निघून जाईल असा त्याला किंचित उतार द्यावा, आणि वर फोडलेल्या खडीचे थर द्यावेत, ज्यातला एकही तुकडा सहा औंसांहून जड नसावा. चाकांच्या दाबाने कोनदार खडी एकमेकांत घट्ट बसते आणि पाणी खाली झिरपत नाही. ही खडी फोडायला मॅकॅडम यांनी लहान हातोड्या देऊन बसूनच काम करायला लावले, त्यामुळे वृद्ध माणसे, स्त्रिया आणि मुलेही या कामावर येऊ शकली. टपालगाडीच्या वेगाचा हिशेब मांडताना या हातांची आठवण ठेवली पाहिजे, कारण रेल्वेच्या दंतकथेत त्यांना कुठेच जागा नाही.

थॉमस टेलफर्ड यांची पद्धत याहून खर्चिक होती. ते खाली दगडांचा पक्का पाया घालत. लंडनहून वेल्समधल्या होलीहेड बंदरापर्यंतच्या रस्त्यासाठी पार्लमेंटने १८१५ पासून सरकारी पैसा दिला, कारण आयर्लंड ब्रिटनच्या राज्यात सामील केले गेल्यानंतर डब्लिनचे टपाल आणि आयरिश खासदार याच वाटेने येत-जात. वेल्सच्या डोंगरांतून जाणाऱ्या या रस्त्याचा चढ टेलफर्ड यांनी साधारण वीसास एकपेक्षा कडक होऊ दिला नाही, म्हणजे घोड्यांना दुडक्या चालीने चढता येईल इतकाच ठेवला. वाटेतली मेनाई सामुद्रधुनी पूर्वी होडीने ओलांडावी लागे, आणि अँगलसी बेटावरची गुरे तर पोहवत पलीकडे नेली जात. ३० जानेवारी १८२६ रोजी तिथे ५७९ फूट लांबीचा मुख्य गाळा असलेला झुलता पूल खुला झाला, आणि १८३० च्या दशकात लंडन–होलीहेड प्रवास सुमारे २७ तासांवर आला. आपल्याकडे बोरघाटातून गाड्यांचा रस्ता मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० मध्ये खुला झाला, तो याच रस्तेबांधणीच्या युगातला. मुंबई–ठाणे रेल्वेला तेव्हा तेवीस वर्षे अवकाश होता.

रस्त्याइतकीच महत्त्वाची होती ती वेळ पाळण्याची शिस्त. २ ऑगस्ट १७८४ रोजी जॉन पामर यांच्या योजनेनुसार पहिली टपालगाडी ब्रिस्टलहून दुपारी चारला निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत लंडनला पोहोचली. त्याआधी या भागातले टपाल घोड्यावर बसलेली पोरे नेत, आणि ब्रिस्टलजवळच्या बाथ शहरातून लंडनला पत्र पोहोचायला अडतीस तासांपर्यंत वेळ लागे. १८३० च्या दशकात ब्रिस्टलची टपालगाडी बारा तासांच्या आत लंडन गाठू लागली. टपालगाडीला टोल माफ होता. नाका जवळ आला की गार्ड शिंग फुंकत असे, आणि नाकेदाराने फाटक आधीच उघडून ठेवायचे असा नियम होता. सरायांच्या अंगणात नवे घोडे साज चढवून उभे असत आणि चारही घोडे मिनिटा-दोन मिनिटांत बदलले जात. वेळापत्रक, ठरलेली स्थानके, ठरलेले थांबे, गणवेशातला गार्ड, आगाऊ तिकीट हे सगळे रेल्वेने या गाड्यांकडून जसेच्या तसे उचलले. रेल्वेचे पहिल्या वर्गाचे सुरुवातीचे डबे तर घोडागाडीच्या तीन पेट्या एका चौकटीवर शेजारी शेजारी बसवल्यासारखे दिसत.

सामान्य माणूस गावाबाहेर पडलाच नाही, हे दुसरे विधान. ते लिहिणाऱ्याने बहुधा गाडीत बसलेल्यांनाच प्रवासी मानले आहे. गाडीभाडे खरोखर जबर होते. टपावरच्या उघड्या जागेला मैलामागे साधारण दोन ते तीन पेन्स आणि आतल्या जागेला त्याच्या दुपटीच्या आसपास पडत असत. शेतमजुराची मजुरी तेव्हा आठवड्याला दहा शिलिंगच्या आसपास होती, आणि एक शिलिंग म्हणजे बारा पेन्स. या हिशेबाने मँचेस्टरहून लंडनला टपावर बसून जायचे तर त्याची साडेतीन-चार आठवड्यांची कमाई गेली असती. म्हणून तो चालत गेला, मालवाहू गाड्यांतून सावकाश गेला, कालव्यातल्या बोटीतून गेला. पण गेला.

दर उन्हाळ्यात आयर्लंडमधले हजारो मजूर कापणीसाठी इंग्लंडमध्ये येत आणि हंगाम संपल्यावर परतत. १८२० च्या दशकात आगबोटींच्या आपसांतल्या चढाओढीने डेकवरचे भाडे काही पेन्सांवर उतरले तेव्हा ही ये-जा आणखी वाढली. स्कॉटलंड आणि वेल्समधून गुरांचे कळप शेकडो मैल चालवत लंडनच्या स्मिथफील्ड बाजारात आणणारे लोक वर्षानुवर्षे त्याच वाटा तुडवत होते. शेतावरचे सालगडी आणि घरकामाच्या मुली वर्षाच्या कराराने ठेवल्या जात आणि मजूर-जत्रांमध्ये मालक बदलत. आणि सर्वांत भक्कम पुरावा जनगणनेचा आहे. १८०१ मध्ये लंडनची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती. १८३१ मध्ये ती साडेसोळा लाखांच्या पुढे गेली. ज्या शहरात रोगराईने माणसे भराभर मरत होती, त्या शहराची अशी वाढ बाहेरून माणसे आल्याशिवाय होऊच शकत नाही, आणि लंडनला पहिली प्रवासी रेल्वे मिळाली ती १८३६ मध्ये, तीही ग्रिनिचच्या दिशेने काही मैलांची. म्हणजे हे लाखो लोक रेल्वेविना आले. त्यातल्या बहुतेकांचा प्रवास टप्प्याटप्प्याने, जवळच्या गावातून जवळच्या शहरात आणि तिथून पुढे असा झाला असेल. लग्ने बहुधा दहा-पंधरा मैलांच्या परिघात होत, हेही खरे. पण परीघ लहान असणे आणि जन्मगावाबाहेर पाऊल न पडणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर कष्टकऱ्यांनी स्वतःच्या पायांनी कापले होते. त्यांना अचल म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

याच ठिकाणी पाण्याचाही उल्लेख करायला हवा, कारण या मजकुरात पाणीच नाही. ऑगस्ट १८१२ मध्ये हेन्री बेल यांची ‘कॉमेट’ ही आगबोट स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीवर प्रवासी नेऊ लागली. १८१५ पर्यंत टेम्स नदीवर आगबोटी आल्या, आणि १८२० च्या सुमारास त्या आयरिश समुद्र आणि इंग्लिश खाडी नियमितपणे ओलांडू लागल्या. शिडाच्या जहाजाला वाऱ्याची वाट पाहावी लागे, आणि होलीहेडला टपाल दिवसदिवस अडकून पडे; ती अनिश्चितता आगबोटीने संपवली. वाफेच्या जोरावर प्रवास करण्याचा अनुभव हजारो ब्रिटिश लोकांनी आधी पाण्यावर घेतला, रुळांवर नंतर. आणि १८३० च्याच २० मार्चला, म्हणजे लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वेच्या उद्घाटनाच्या सहा महिने आधी, मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझकडे निघाली होती.

डॉक्टरांच्या इशाऱ्याची गोष्ट ऐकायला रंजक असल्याने ती सर्वाधिक पसरते. ती बहुधा डायोनिशियस लार्डनर यांच्या नावावर सांगितली जाते. लार्डनर हे विज्ञानविषयक लेखन आणि व्याख्याने करणारे गृहस्थ होते, वैद्य नव्हते, आणि त्यांनी हे वाक्य कुठे आणि कधी लिहिले याचा पत्ता ही गोष्ट सांगणारे कधीच देत नाहीत. ज्या विधानाला मूळ स्थळ नाही त्यावरून एका संपूर्ण पिढीच्या डॉक्टरांना मूर्ख ठरवणे योग्य नाही.

रेल्वेला विरोध झाला, आणि तो कडवा होता. पण त्याची कारणे शरीरशास्त्राची नव्हती. १८२५ मध्ये एका नामांकित इंग्लिश त्रैमासिकाने, घोडागाडीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या इंजिनात बसण्यापेक्षा लोक अग्निबाणावर बसतील, अशा आशयाची टीका केली. ती यंत्राच्या भरवशाविषयी होती. त्याच वर्षी लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वेचे विधेयक पार्लमेंटच्या समितीपुढे आले तेव्हा तिचे अभियंते जॉर्ज स्टीफन्सन यांची उलटतपासणी झाली, आणि त्यात विरोधी वकील एडवर्ड ऑल्डरसन यांनी त्यांच्या मोजणीतल्या चुका उघड्या पाडल्या. विरोध करणारे होते लॉर्ड डर्बी आणि लॉर्ड सेफ्टन यांच्यासारखे जमीनदार आणि कालव्यांचे मालक. विधेयक पडले. पुढच्या वर्षी नवी मोजणी झाली, मार्ग बदलला, आणि ब्रिजवॉटर कालव्याचे उत्पन्न घेणाऱ्या मार्क्विस ऑफ स्टॅफर्ड यांना हजार शेअर घ्यायला राजी करण्यात आले; मग विधेयक मंजूर झाले. विरोध जमिनीचा आणि नफ्याचा होता, आणि तो जमिनीच्या आणि नफ्याच्या तडजोडीनेच मिटला. वेगाचा अनुभव म्हणाल तर ऑगस्ट १८३० मध्ये तरुण अभिनेत्री फॅनी केंबल स्टीफन्सन यांच्या शेजारी इंजिनावर बसून ताशी पस्तीस मैलांच्या वेगाने गेली, आणि डोळे मिटले की उडत असल्याचा विलक्षण आनंद होतो, असे तिने पत्रात लिहिले.

आता मूळ तारखेकडे येऊ. १५ सप्टेंबर १८३० हा दिवस मोठा आहे, पण तो अचानक उगवलेला नाही. वँड्सवर्थ ते क्रॉयडन ही घोड्यांनी ओढण्याच्या गाड्यांची सार्वजनिक रेल्वे १८०३ मध्ये सुरू झाली होती. २१ फेब्रुवारी १८०४ रोजी वेल्समधल्या पेनिडॅरन येथे रिचर्ड ट्रेव्हिथिक यांच्या इंजिनाने रुळांवरून लोखंड आणि माणसे ओढून दाखवली. स्वान्सीजवळ १८०७ पासून घोड्यांनी ओढलेल्या डब्यातून रुळांवरून तिकीट काढून प्रवास होत होता. लीड्सच्या मिडलटन कोळसा खाणीत १८१२ पासून वाफेची इंजिने रोजच्या कामाला होती. स्टॉक्टन–डार्लिंग्टन रेल्वे १८२५ मध्ये सुरू झाली तेव्हा कोळसा इंजिनाने आणि प्रवासी बहुतांशी घोड्याने, तेही १८३३ पर्यंत, असा प्रकार होता. लिव्हरपूल–मँचेस्टर मार्गाचे वेगळेपण असे की तिथे दोन मोठी शहरे जोडली गेली, सगळी वाहतूक वाफेवर ठरलेल्या वेळापत्रकाने होऊ लागली, आणि चालकांनी कापसाच्या गासड्यांचा हिशेब धरला असताना माणसेच लोटली. १८३१ या पहिल्या पूर्ण वर्षात चार लाखांहून अधिक लोकांनी या मार्गाने प्रवास केला. घोडागाडीला चार तासांहून अधिक लागत ते अंतर दोन तासांच्या आत पार होऊ लागले. या दोन शहरांमधल्या घोडागाड्या झपाट्याने संपल्या, हे कबूल करायलाच हवे.

पण देशभरच्या घोडागाड्या काही महिन्यांत संपल्या, हे साफ चूक आहे. १८३० अखेर ब्रिटनमध्ये प्रवासी रेल्वे शंभर मैलांच्या आसपास होती आणि टर्नपाइक रस्ते वीस हजार मैलांहून अधिक. टपालगाड्यांचा सर्वांत वेगवान, सर्वांत दिमाखदार काळ १८३० च्या दशकाचाच आहे. लंडन–बर्मिंगहॅम रेल्वे पूर्ण झाली ती १७ सप्टेंबर १८३८ रोजी, लंडन–साउथँप्टन १८४० मध्ये, लंडन–ब्रिस्टल ३० जून १८४१ रोजी. आणि लंडनहून सुटणारी अखेरची टपालगाडी १८४६ मध्ये बंद झाली. धंदेवाल्यांनाही विचार करायला वेळ मिळाला. विल्यम चॅप्लिन हे लंडनचे सगळ्यात मोठे गाडीमालक. त्यांच्या पागांमध्ये सुमारे अठराशे घोडे होते. त्यांनी वेळीच अंग काढून घेतले, भांडवल रेल्वेत गुंतवले, आणि पुढे ते लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वेचे अध्यक्ष झाले. बुडाले ते लहान सरायवाले, मोतद्दार आणि गाडीवान, ज्यांच्याकडे गुंतवायला काही नव्हते. शिवाय घोडे एकूण कमी झाले नाहीत, वाढलेच. कारण रेल्वे स्थानकापर्यंत माल आणि माणसे न्यायला घोडागाडीच लागत होती.

गरिबांना प्रवास लगेच परवडू लागला, हा भाग मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो कष्टकऱ्यांच्या हालांवर पांघरूण घालतो. अनेक कंपन्यांनी सुरुवातीला तिसरा वर्ग ठेवलाच नाही. ज्यांनी ठेवला त्यांनी तो बिनछताच्या, बुटक्या कठड्यांच्या वाघिणींत ठेवला आणि त्या वाघिणी मालगाडीला जोडल्या. २४ डिसेंबर १८४१ च्या पहाटे ग्रेट वेस्टर्न रेल्वेची अशी एक गाडी लंडनहून निघाली. तिच्यात पार्लमेंटच्या नव्या इमारतीवर काम करणारे गवंडी होते, ते नाताळासाठी घरी निघाले होते. रेडिंगच्या अलीकडे सॉनिंग येथे टेकडी खोदून रूळ नेले होते, तिथली दरड पावसाने रुळांवर आली होती. इंजिन तिच्यात घुसले आणि मागच्या मालाच्या डब्यांचा सगळा भार मधल्या उघड्या वाघिणींवर आला. आठ माणसे जागीच गेली, एक नंतर रुग्णालयात. या अपघाताने तिसऱ्या वर्गाचा प्रश्न पार्लमेंटपुढे आणला, आणि तेव्हाचे व्यापारमंत्री विल्यम ग्लॅडस्टन यांच्या पुढाकाराने १८४४ चा कायदा झाला. त्याने नव्या कंपन्यांवर बंधन घातले की रोज दोन्ही दिशांना निदान एक गाडी अशी हवी, जिचे भाडे मैलाला एक पेनीहून अधिक नसेल, जी थांब्यांसह ताशी बारा मैलांच्या खाली जाणार नाही, आणि जिच्यात बसायला आसन आणि पावसापासून आडोसा असेल. म्हणजे गरिबाला डोक्यावर छप्पर मिळाले ते रेल्वे सुरू झाल्यावर चौदा वर्षांनी, आणि तेही इंजिनाने दिले नाही, कायद्याने दिले.

घड्याळांबद्दल थोडक्यात. ब्रिस्टल लंडनच्या पश्चिमेला असल्याने तिथला मध्यान्ह सुमारे दहा मिनिटे उशिरा होतो, आणि प्रत्येक शहर आपापल्या सूर्याप्रमाणे चालत असे. हा पेच रेल्वेआधीच टपालखात्याला पडला होता. गार्डकडे कुलूपबंद पेटीत घड्याळ दिले जाई आणि गाडी पूर्वेला जाते की पश्चिमेला त्यानुसार ते मुद्दाम जलद किंवा मंद चालेल असे लावलेले असे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने लंडनची वेळ स्वीकारली नोव्हेंबर १८४० मध्ये; रेल्वे कंपन्यांचे आपसांतले हिशेब मिटवणाऱ्या रेल्वे क्लिअरिंग हाउसने सर्व कंपन्यांना ती सुचवली १८४७ मध्ये; ब्रिस्टल शहराने ती मानली १८५२ मध्ये, आणि तोवर तिथल्या कॉर्न एक्स्चेंजच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, घड्याळाला दोन मिनिटकाटे होते. देशासाठी एकच वेळ कायद्याने ठरली १८८० मध्ये. पन्नास वर्षांचे हे काम होते.

राहिली रोजच्या जगण्याची यादी. लंडनमध्ये पॉल मॉल रस्त्यावर गॅसचे दिवे १८०७ मध्ये लागले, गॅस लाइट अँड कोक कंपनीला सनद १८१२ मध्ये मिळाली, आणि वेस्टमिन्स्टर पूल १८१३ च्या अखेरच्या रात्री उजळला. त्या गॅससाठी लागणारा कोळसा टाइन नदीकाठच्या खाणींतून समुद्रमार्गे येत होता. घर्षणाने पेटणारी काडी स्टॉक्टनचे औषधविक्रेते जॉन वॉकर यांनी १८२७ मध्ये विकायला काढली. चूल पेटवण्याच्या रोजच्या खटाटोपात तिने केलेला बदल कोणत्याही इंजिनाइतकाच घरोघरी पोहोचला. जॉर्ज शिलिबीर यांची तीन घोड्यांची, बावीस जणांची ऑम्निबस पॅडिंग्टनहून बँक ऑफ इंग्लंडकडे धावू लागली ती ४ जुलै १८२९ रोजी. समुद्रकिनाऱ्याची सुट्टी म्हणाल तर टेम्सवरच्या आगबोटींनी १८३० च्या दशकाच्या मध्यात दरवर्षी एक लाखाच्या आसपास माणसे मार्गेटला नेली, आणि मार्गेटला रेल्वे पोहोचली १८४६ मध्ये. ताज्या अन्नाविषयीचे विधान तर उलट दिशेने चुकते: लंडनचे दूध १८६० च्या दशकापर्यंत मुख्यतः शहरातल्या आणि उपनगरांतल्या गोठ्यांतून येत होते, आणि १८६५ च्या गुरांच्या साथीने ते गोठे ओस पडल्यावर रेल्वेने येणाऱ्या दुधाला खरी चालना मिळाली.

स्वस्त टपालाचे श्रेय तर कागदावरच तपासता येते. १८३९ पर्यंत लंडनहून एडिंबरोला एका पानाचे पत्र पाठवायला एक शिलिंग दीड पेनी पडत, आणि ते सहसा पत्र घेणाऱ्याला द्यावे लागत. मजूर कुटुंबे आलेले पत्र न घेताच परत करत. टपालसुधारक रोलंड हिल यांनी १८३७ मध्ये दाखवून दिले की एवढ्या अंतरावर एक पत्र वाहून नेण्याचा प्रत्यक्ष खर्च एका पेनीचा छत्तिसावा भाग आहे; बाकीचे पैसे जातात ते पत्रागणिक अंतर मोजणे, दर लिहिणे आणि दारोदार वसुली करणे यांत. म्हणून अंतर कितीही असले तरी दर एकच असावा आणि तो आगाऊ घ्यावा, असे त्यांनी सुचवले. १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसाचे पत्र देशात कुठेही एका पेनीत जाऊ लागले, मे महिन्यात तिकिटे आली, आणि १८३९ मधली सुमारे ७ कोटी ६० लाख पत्रांची संख्या वर्षभरात १६ कोटी ९० लाखांच्या घरात गेली. वाढलेल्या या पत्रांचा भार पुढे रेल्वेने वाहिला, यात शंका नाही. पण छत्तिसाव्या भागाचा तो हिशेब हिल यांनी मांडला होता लंडन–एडिंबरो टपालगाडीच्या खर्चावरून, म्हणजे चार घोडे, खडीचा रस्ता आणि शिंग फुंकणारा गार्ड यांच्या खर्चावरून. त्या दोन शहरांमध्ये सलग रूळ पडायला तेव्हा अकरा वर्षे बाकी होती.